नागपूरचं ऊन: अंगावर यूव्ही नेमकं किती पडतं, ते मोजायचं कसं आणि आकड्याचा अर्थ काय

आकडेमोड:

नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायला आठवडा उरलाय. आता जिकडेतिकडे ४५ झाले, ४६ झाले हीच चर्चा राहील. पण त्वचेच्या पेशींना इजा करणारे अतिनील किरण (पुढे नुसतं यूव्ही म्हणतो) थर्मामीटरवर दिसत नाहीत. मे महिन्यात संध्याकाळी सहाला पारा ४२ वर असतो, डांबर भाजत असतं, आणि यूव्ही निर्देशांक मात्र शून्याला टेकलेला असतो. जानेवारीत दुपारी साडेबाराला फुटाळा तलावावर बसायला छान वाटतं, तेव्हा तोच निर्देशांक सहाच्या घरात असू शकतो. उष्मा अंगाला कळतो, यूव्ही कळत नाही. म्हणून मंचावर हा धागा.

आधी एकक. निर्देशांक १ म्हणजे त्वचेवर लाली आणण्याच्या क्षमतेनुसार तोललेले, दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट. हा झाला वेग. अंगावर साचतो तो डोस, आणि तो एसईडी या एककात मोजतात. १ एसईडी म्हणजे तसेच तोललेले, दर चौरस मीटरला १०० जूल. हिशोब असा:

निर्देशांक × तास × ०.९ = एसईडी

मिनिटांत हवा असेल तर निर्देशांक × मिनिटं × ०.०१५. निर्देशांक १० असताना वीस मिनिटं उघड्यावर म्हणजे ३ एसईडी.

आता आपलं गाव. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर. सूर्य बरोबर डोक्यावर येतो २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा १६-१७ जुलैला. आपलं रेखांश ७९.१ असल्यामुळे खरी माध्यान्ह बाराला होत नाही. मे अखेरीस ती १२.१० ला होते, फेब्रुवारीच्या मध्यात १२.२८ ला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११.५७ ला. डोसच्या नोंदी घड्याळाच्या बाराभोवती मांडल्या की सकाळ-दुपारचा हिशोब तिरपा होतो, तेव्हा माध्यान्ह धरूनच मांडा.

निरभ्र, स्वच्छ हवेसाठी शास्त्रज्ञ मॅड्रोनिच यांचं २००७ चं सूत्र पुरेसं आहे (यूव्हीआय म्हणजे यूव्ही निर्देशांक, खमध्य म्हणजे आकाशातला बरोबर डोक्यावरचा बिंदू):

यूव्हीआय = १२.५ × (खमध्यापासूनच्या कोनाचा कोसाइन)^२.४२ × (ओझोन ÷ ३००)^-१.२३

ओझोन म्हणजे आपल्यावरच्या हवेतला एकूण ओझोन, डॉब्सन एककात. २७५ धरला तर मे अखेरीस माध्यान्ही जवळपास १४ येतात. डिसेंबरात २५० धरून जवळपास सात येतात. धुळीमुळे आणि धुरामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून खाली असतो. मे महिन्यात कमाल ११.५ धरून मी दिवसभराची बेरीज केली, ती सुमारे ६० एसईडी आली. त्यातला ६० टक्के वाटा माध्यान्हीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन तासांत पडतो.

ही बेरीज उघड्या गच्चीवर आडव्या ठेवलेल्या पाटीची आहे. माणसाची नाही.

किरण_वर्धारोड:

मोबाइलवर रोज निर्देशांक दिसतोच की. तो बघून काम भागत नाही का?

आकडेमोड:

किरणताई, मोबाइलमध्ये यूव्हीचा सेन्सर नसतो. (२०१४ च्या गॅलेक्सी नोट ४ मध्ये होता, पुढे तो बंद झाला.) ॲप दाखवतं तो हवामानाच्या प्रारूपातून काढलेला अंदाज, आणि तोही उघड्या आडव्या जमिनीसाठी. आज बाहेर किती कडक आहे हे त्यावरून ठरवता येतं. तुमच्या गालावर किती पडलं हे त्याला ठाऊक नाही.

तरी सुरुवात वहीनेच करा, यंत्राने नको. रकाने एवढेच: बाहेर पडल्याची वेळ, परतल्याची वेळ, ऊन की सावली, अंगावर काय होतं. त्यासमोर त्या वेळचा अंदाजी निर्देशांक. उदाहरणार्थ मे महिन्यात सकाळी साडेनऊला २५ मिनिटं दुचाकीवर. तेव्हा निर्देशांक साडेसहाच्या आसपास, म्हणजे आडव्या पृष्ठभागावर सुमारे अडीच एसईडी. संध्याकाळी सहाच्या परतीचे जवळपास शून्य. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्याचा दिवसाचा डोस सकाळी पडतो, आणि डब्यासाठी दुपारी एकला पंधरा मिनिटं बाहेर पडलात तर तेवढाच पुन्हा.

वहीशिवायचं माप म्हणजे सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. मे अखेरीस नागपुरात हा काळ सकाळी ९ ते दुपारी ३.२५. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीलाही सावली साधारण आपल्याएवढीच असते. दोन ऋतूंमधला फरक यावरून शाळेतल्या मुलालाही दाखवता येतो.

सोल्डरगन:

यंत्राचं मी लिहितो. एकेक भाग निवडताना काय चुकतं तेच जास्त महत्त्वाचं.

सेन्सर. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक सेन्सर यूव्हीए (यूव्हीचा लांब तरंगलांबीचा भाग) जास्त बघतात आणि यूव्हीबी (आखूड तरंगलांबीचा) कमी. लालीचा भार, म्हणजे त्या त्या तरंगलांबीची त्वचा लाल करण्याची ताकद, मात्र उलटा असतो. २९८ नॅनोमीटरपर्यंत भार १, ३१० ला तो ०.०७५, ३२८ ला ०.००१५ आणि ३६५ ला ०.०००४. उन्हातल्या यूव्हीत सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतं, म्हणून भार न लावता मोजणारा सेन्सर भलतीच गोष्ट मोजत बसतो. एसआय११४५ तर मुळीच घेऊ नका. त्यात यूव्हीचा डायोडच नाही, तो दृश्य प्रकाश आणि अवरक्त यांवरून आकडा बनवतो. व्हीईएमएल६०७० फक्त यूव्हीए. व्हीईएमएल६०७५ चांगला होता, पण त्याचं उत्पादन थांबलं. हाताशी येण्यासारखे राहतात जीयूव्हीए-एस१२एसडी आणि एलटीआर३९०. खर्च परवडत असेल तर एएस७३३१, त्यात यूव्हीए आणि यूव्हीबीच्या वाहिन्या वेगळ्या आहेत.

जोडणी. जीयूव्हीएचं मॉड्यूल ३.३ व्होल्टवर. त्याचं आउटपुट ईएसपी३२ (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप) च्या स्वतःच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, देऊ नका. तो एडीसी तळाच्या व्होल्टेजला सरळ रेषेत चालत नाही, आणि आपला सकाळ-संध्याकाळचा सगळा सिग्नल तळालाच असतो. मध्ये एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप घाला, रेंज २.०४८ व्होल्टची. या मॉड्यूलचा ठोकळ हिशोब ०.१ व्होल्टला निर्देशांक १ असा आहे, म्हणजे १२ ला १.२ व्होल्ट, रेंजमध्ये आरामात बसतं. वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप, नोंदीसाठी मायक्रोएसडी. दर १० सेकंदांनी वाचन, मिनिटाची सरासरी, मिनिटाला एक ओळ. बारा तासांच्या ७२० ओळी होतात, कार्डाला काहीच नाही.

डिफ्यूझर. हा लोक गाळतात आणि सगळं काम वाया जातं. उघडा सेन्सर समोरचं बघतो, तिरप्या किरणांना कमी लेखतो. वर पांढऱ्या टेफ्लॉनची अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची चकती हवी. नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप दोन-तीन पदर ताणून लावता येते, पण ताण सारखा बसत नाही आणि धूळ चिकटते. ॲक्रिलिक, काच, पॉलिकार्बोनेट यांपैकी काहीही वर लावायचं नाही. साधी काच यूव्हीबी अडवते आणि बरंचसं यूव्हीए सोडते, मग आकडा दिसतो पण खोटा दिसतो.

डबी. पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेली डबी नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही. तो ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो, आणि उन्हात उभ्या गाडीवरची काळी डबी तिथवर सहज जाते. पीईटीजी किंवा एएसए प्लास्टिक वापरा, रंग पांढरा. ग्लूगनचा गोंदही सुटतो, त्याऐवजी सिलिकॉन. बॅटरी डबीत नको, वायर काढून शर्टाच्या खिशात. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं, म्हणून घरी आल्याआल्या गरम यंत्र चार्जरला लावू नका, तासभर निवू द्या.

पंकज_काटोलरोड:

दादा, असंच जोडलंय. माध्यान्हीला ११ येतात ते पटतं, पण सकाळी पावणेआठलाच ५ दाखवतो. ॲप अडीच-तीन म्हणतं. सेन्सर खराब?

सोल्डरगन:

खराब नाही पंकजभाऊ, तो यूव्हीए बघतोय. सूर्य खाली असताना किरणांना हवेतून आणि ओझोनमधून लांबची वाट पडते. त्यात यूव्हीबी झपाट्याने गळतं, यूव्हीए सावकाश. मे अखेरीस ७.५० ला सूर्य ३० अंशांवर असतो. आकडेमोड यांच्या सूत्रात तेव्हा २.६ येतात. माध्यान्हीला जुळवलेला यूव्हीए सेन्सर तिथे जवळपास दुप्पट दाखवणारच. एकाच गुणकाने हे सुटत नाही. सूर्याच्या उंचीनुसार कोष्टक करा: १५, ३०, ४५, ६०, ७५ अंश आणि खमध्य, प्रत्येकाला वेगळा गुणक, मधल्या कोनांना सरळ रेषेने भरून काढा. वेळ डीएस३२३१ देतं, त्यावरून सूर्याची उंची प्रोग्राममध्येच काढता येते.

हे जुळवणीचं काम मे महिन्यात करू नका, धुळीचा पडदा रोज बदलतो. पाऊस परतल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, तेव्हा निरभ्र असे दोन-तीन दिवस निवडा, गच्चीवर यंत्र पाणसळ लावून आडवं ठेवा, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालू द्या. मात्र ऑक्टोबरात आपल्याकडे सूर्य ६० अंशांच्या आसपासच पोचतो, ७५ आणि खमध्याचे गुणक एप्रिल-मे महिन्यातल्या एखाद्या स्वच्छ दिवशी भरावे लागतील. भोवती उंच इमारत नको. अर्धं आकाश झाकलं गेलं तर आकडा बराच खाली येतो, कारण यूव्हीबीचा निम्म्याच्या आसपास भाग थेट सूर्याकडून न येता विखरून आकाशभरातून येतो.

२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. निघाला सेन्सरचा बिघाड. जाणकारांच्या यंत्राचं असं होतं, तर आपण आपला आकडा दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघितल्याशिवाय मानायचा नाही.

रसायन_प्रयोगशाळा:

इलेक्ट्रॉनिक्स नको असेल तर पॉलिसल्फोन या प्लास्टिकची फिल्म. १९७६ मध्ये डेव्हिस, डीन आणि डिफी यांनी ही पद्धत मांडली आणि माणसांच्या अंगावर यूव्ही मोजण्याचं बरंचसं काम पुढे यावरच झालं. फिल्म सुमारे ४० मायक्रॉन जाडीची. यूव्ही पडलं की ३३० नॅनोमीटरला तिची शोषकता वाढते. तिची संवेदना लालीच्या भाराशी बऱ्यापैकी जुळते, हाच तिचा मोठा गुण.

ज्या कॉलेजात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे तिथे हे जमतं. ३ × ३ सेंटिमीटरचं पीव्हीसी कार्ड, त्याला १.२ × १.६ सेंटिमीटरची खिडकी, तिच्यावर फिल्म. बोट फिल्मला लागू द्यायचं नाही, चिमटाच. आधी ३३० ला चार ठिकाणी वाचून सरासरी, मग काळ्या पाकिटात. अंगावर लावताना आणि काढताना वेळ लिहायची. काढल्यावर पुन्हा काळ्या पाकिटात आणि बरोबर २४ तासांनी वाचायची. लगेच वाचली तर आकडा कमी येतो, कारण अंधारातही तिच्यातली प्रक्रिया काही काळ चालूच राहते. सगळ्या फिल्म एकाच अंतराने वाचल्या तरच आपसात तुलना होते. डोसचं सूत्र:

डोस = के × (९ΔA³ + ΔA² + ΔA)

ΔA म्हणजे नंतरची शोषकता वजा आधीची. के हा स्थिरांक खात्रीच्या मीटरशेजारी फिल्म ठेवून आपणच काढायचा आणि ऋतू बदलला की पुन्हा काढायचा.

काय बिघडतं: घाम, धूळ आणि सगळ्यात जास्त सनस्क्रीन. क्रीमचं बोट खिडकीला लागलं की ती फिल्म बाद. दुसरं, नागपूरच्या मे महिन्यात फिल्म लवकर भरते. दिवसभर एकच ठेवू नका, सकाळची, माध्यान्हीची आणि दुपारची वेगळी. फिल्म स्वतः ओतायची असेल तर क्लोरोफॉर्म लागतं, ते वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, प्रयोगशाळेतच. घरी नको, आणि यावर चर्चाही नको.

मुलांच्या प्रदर्शनासाठी रंग बदलणारे मणी आणतात. दाखवायला ठीक, मोजायला नाही. तो रंग उष्णतेने परत उडतो, म्हणून ४५ अंशांत मणी फिके दिसतात आणि यूव्ही कमी असल्याचा समज होतो. डिसेंबरच्या सकाळी तेच मणी गडद.

किरण_वर्धारोड:

यंत्र लावायचं कुठे? मनगटावर घड्याळासारखं?

आकडेमोड:

मनगट सोयीचं, पण हात सारखा वळतो, बाही येते, खिशात जातो. जर्मनीत उन्हात काम करणाऱ्या कामगारांवर जेनेसिस-यूव्ही नावाचं मोठं मोजमाप झालं, त्यात यंत्र डाव्या दंडावर होतं. आपणही दंडच धरावा, बाहीच्या वरून, आणि वर्षभर तीच जागा. जागा बदलली की जुना आकडा नव्याशी जुळत नाही.

दुचाकीवाल्यांनी तळहाताची मागची बाजू वेगळी मोजावी. हँडल धरल्यावर ती जवळजवळ आडवी असते, म्हणून गच्चीवरच्या पाटीच्या जवळपास डोस तिथे पडतो. गाल उभा असतो. माध्यान्हीला सूर्य डोक्यावर असताना गालाला थेट किरण कमी मिळतात, सकाळी नऊ-दहाला जास्त. नाक, कानाच्या पाळीचा वरचा भाग आणि खालचा ओठ दोन्ही वेळा सापडतात.

त्वचा_ओपीडी:

इथवरचं मोजमाप उत्तम चाललंय. आता त्यातून धोक्याबद्दल काय म्हणता येतं ते सांगते.

सौर किरणोत्सर्गाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध. पण त्वचेच्या कर्करोगाच्या तीन प्रमुख प्रकारांचं (स्क्वॅमस सेल, बेसल सेल आणि मेलॅनोमा) उन्हाशी नातं एकसारखं नाही. स्क्वॅमस सेल हा साचलेल्या एकूण डोसाशी जोडलेला. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर वर्षानुवर्षं पडणारं ऊन इथे मोजलं जातं. बेसल सेल आणि मेलॅनोमा यांत अधूनमधून होणारं जोरदार भाजणं, त्यातही लहानपणचं, यांचा वाटा मोठा. म्हणून वहीत दोन वेगळ्या गोष्टी हव्यात: वर्षाची बेरीज, आणि एका दिवसात एकदम मोठा डोस बसला असे दिवस.

जर्मनीने २०१५ पासून स्क्वॅमस सेलला उन्हातल्या कामाचा व्यावसायिक आजार मानलं. तिथली अट अशी की कामामुळे पडलेला यूव्ही डोस त्या वयापर्यंतच्या बाकीच्या आयुष्यातल्या डोसाच्या किमान ४० टक्के असावा. आकडा मोजून ठेवण्याचा उपयोग इतका थेट होऊ शकतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मांडलेल्या अंदाजानुसार मेलॅनोमा सोडून इतर त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या जवळपास दर तीन मृत्यूंपैकी एक उन्हातल्या कामामुळे होतो.

आता आपली त्वचा. त्वचेचे रंगानुसार प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या वर्गीकरणात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. अगदी गोऱ्या त्वचेवर २ ते ३ एसईडीने लाली येते. चौथ्या प्रकाराला अंदाजे साडेचार ते सहा लागतात, पाचव्याला त्याहून जास्त. गडद त्वचेवर लाली दिसतही नाही. दिसतो तो काळवंडलेपणा, जाणवते ती आग. भाजलं नाही म्हणजे इजा झाली नाही असं मात्र धरू नका. लाली यायच्या आधीच पेशीच्या डीएनएत बिघाड होतो, बहुतेक दुरुस्तही होतो.

रंगद्रव्यामुळे आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणून ‘इतके एसईडी म्हणजे इतके टक्के धोका’ असं गणित कृपया कोणी मांडू नका. तशी कोष्टकं गोऱ्या लोकसंख्येवरची आहेत. आपल्या विदर्भात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) होणारा तोंडाचा कर्करोग हा कितीतरी मोठा प्रश्न आहे.

पण काही जणांसाठी हे मोजमाप फार मोलाचं आहे. अल्बिनिझम (जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं) असलेली मुलं. झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार, ज्यात डीएनएची दुरुस्तीच नीट होत नाही. किडनी बदललेले आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेले रुग्ण, त्यात अझाथायोप्रिन घेणारे जास्त. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड वर्षानुवर्षं चालू असलेले. यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, ऊन कमी करायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं.

आणि उन्हाशी संबंध नसलेलंही लक्षात ठेवा. गडद त्वचेत मेलॅनोमा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणातही वर्षांनी कर्करोग होतो. त्यामुळे डोस कमी आला तरी चार आठवड्यांत न भरणारी जखम, सहज रक्त येणारी गाठ, मोत्यासारखी चमकणारी किंवा काळपट पुळी, नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ, यांपैकी काही दिसलं की मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.

संत्राबाग:

काटोल-नरखेड भागात मजूर सकाळी सातपासून बागेत असतात. झाडाखाली असले तर डोस मोजायची गरज आहे का? आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा किती अडवतो?

आकडेमोड:

एकट्या झाडाची सावली फसवी असते, आकाश उघडं असलं की विखुरलेलं यूव्ही बाजूने येतच राहतं. दाट बागेत आत खूपच कमी. दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं यंत्र धरून बघा. फवारणी आणि तोडणीचे दिवस वेगळे लिहा, कारण तेव्हा माणूस ओळींच्या मध्ये उघड्यावर असतो.

कापड सूर्याकडे धरून बघायचं. आरपार उजेड दिसला तर यूव्हीही येतं. पातळ पांढरं सुती कापड कमी अडवतं आणि घामाने ओलं झालं की आणखी कमी. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड बरंच अडवतं. दुपट्टा दुहेरी घेतला तर फरक पडतो, आणि तो कानावरून, मानेच्या मागून यायला हवा. नुसता डोक्याला गुंडाळला तर कान उघडेच राहतात.

किरण_वर्धारोड:

हेल्मेटची काच? आणि ड जीवनसत्त्वाचं काय?

त्वचा_ओपीडी:

हेल्मेटचा पुढचा पडदा पॉलिकार्बोनेटचा असेल तर यूव्ही जवळजवळ सगळं अडवतो, फक्त तो खाली असला पाहिजे. कारची पुढची काच दुपदरी असते, तीही अडवते. बाजूच्या काचेतून यूव्हीए येतं.

ड जीवनसत्त्व त्याच यूव्हीबीमधून तयार होतं. त्यासाठी माध्यान्हीच्या उन्हात तासभर बसायची गरज नाही. कमतरता असेल तर रक्त तपासून गोळी घेणं जास्त नेमकं.

पंकज_काटोलरोड:

कोनानुसार गुणक लावले, सकाळचा आकडा आता २.८ येतोय. एक शेवटचं, टेफ्लॉनची चकती किती दिवसांनी पुसायची?

सोल्डरगन:

मे महिन्यात रोज संध्याकाळी, ऊर्ध्वपातित पाण्याने ओल्या केलेल्या मऊ सुती कापडाने. थिनर, कॉलिन काही नको. पुसण्याआधी आणि पुसल्यावर एकाच उजेडात वाचन घ्या आणि फरक वहीत लिहा. रोज ५ टक्क्यांहून जास्त पडत असेल तर डबी गाडीच्या पुढच्या चाकाच्या धुळीत येतेय, जागा बदला. चकती पिवळी पडली तर पुसत बसू नका, नवी लावा आणि गुणक पुन्हा काढा.